डावीकडे ओढणारी मोटार

बार्शीटाकळी, ८ फेब्रुवारी १९४३, सोमवार

ही डायरी एका प्रवाशाची. गेल्या महिन्यात मोटारीत विसरून गेला तो पुन्हा आलाच नाही. आत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, मोटारीचं दुखणं यात टिपून ठेवावं. अकोल्याला ओमप्रकाश मिस्त्री दर वेळी विचारतो, "भगवंतभाऊ, कब से ऐसा होता? चढाव पे, की उतार पे?" आणि मला आयत्या वेळी काही आठवत नाही. आठवणार कुठून? सकाळी मळ्यातली भाजी मोटारीत चढवायची, अकोल्याच्या बाजारात उतरवायची, येताना माणसं भरायची, दुपारी पुन्हा एक फेरी. घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत अंगात जीव उरत नाही.

दुखणं असं. मोटार डावीकडे ओढते. मी हँडल सरळ धरतो, ती आपली सरकत सरकत रस्त्याची कड धरते. आज ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला डावं मडगार्ड घासलं. घासल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली आहे. लढाई चालू आहे, टायर मिळत नाही. हे टायर गेलं की मोटार उभी.

दुसरं दुखणं मनकर्णेचं. संक्रांतीपासून ही पुढे, माझ्या डाव्या अंगाला बसते. आधी मागे बायकांत बसायची, फुलांच्या टोपल्या सांभाळत. आता म्हणते मागे मळमळतं. बरं, बसली तर गप्प बसावं. तर नाही. "गाडी आली." "म्हैस हाये तिकडं." "तो मानूस पाह्यला का, कसा चालून राह्यला?" सारखं तोंड चालू. वीस वर्षं संसार केला, एवढं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. आज मी ओरडलो, "मले दिसते ना! तू काहून सांगून राह्यली?"

 पुढच्या वळणावर ती पुन्हा म्हणाली, "बकऱ्या हायेत."

११ फेब्रुवारी, गुरुवार

मोटार ओमप्रकाशकडे नेली. तो खाली सरपटला, पहार घालून पुढच्या कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, हलवून पाहिल्या आणि मला खाली बोलावलं. कमानीचं टोक जिथं गाडीच्या सांगाड्याला लटकतं तिथं एक खिळा असतो, आणि त्या खिळ्याभोवती पितळेची कडी. तिला बुश म्हणतात. ती झिजून गेली आहे. खिळा भोकात असा खुळखुळतो जसा म्हाताऱ्याचा दात.

"ये देखो, भोक अंडे जैसा हो गया," तो म्हणाला. "पुढचा सगळा अ‍ॅक्सल इकडचा तिकडं सरकते. गाडी सीधी कशी चालन?"

खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं. आता त्याला औषध असेल.

औषध मात्र नाही. नवीन बुश अकोल्यात कुठेच नाहीत. दुकानदार हसतो. सगळा माल लढाईवर गेला म्हणतो.

मनकर्णेचा धाकटा भाऊ गोवर्धन अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात लॉरी चालवतो. तो तिथं आला होता. मिस्त्री म्हणाला म्हणून त्यानं मोटार स्टेशनपर्यंत नेऊन आणली. उतरल्यावर मला म्हणतो, "भाऊजी, खडखडते खरी. पन वढत तं नाई."

रिकामी मोटार कोणाच्याही हातात सरळच चालेल. भाजीची पोती आणि पंचवीस माणसं घालून चालव म्हणावं. गोवर्धनला पहिल्यापासून शहाणपणा जास्त. मनकर्णेनं मात्र त्याला बाजूला घेतलं आणि बराच वेळ काही बोलत होती. बहीणभावाचं काही असेल.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज गावातले नत्थुजी रागावले. म्हणे, काल देवळापाशी त्यांनी दोनदा राम-राम घातला आणि मी तोंड फिरवून गेलो. "मोटारवाले झाले, आता आमी कायचे दिसतो?" त्यांच्या पुतण्याचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, वऱ्हाड आमच्याच मोटारीतून जायचं आहे. मी पाया पडायचा बाकी राहिलो. मला खरंच ते दिसले नव्हते. डोक्यात बुश, टायर आणि पेट्रोलची कुपनं. माणूस कुठं दिसणार!

घासलेट भेसळीचं येतं आहे. लिहिताना कंदिलाभोवती लाल-निळं कडं दिसतं. डोकंही चढतं त्या वासानं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

नांदगाव खंडेश्वरहून आलो. ओमप्रकाशनं सांगितलं होतं, तिथल्या एका शेतकऱ्याकडे आमच्याच जातीची जुनी मोटार मरून पडली आहे, तिच्या बुश काढून मिळतील. म्हणून रेल्वेनं अमरावती, तिथून सर्व्हिस मोटारीनं नांदगाव.

मोटार बाभळीखाली उभी होती. आत कोंबड्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती काही उठेना. शेतकरी माणूस चांगला, नाव पुंजाराम. त्यानं पाना दिला, हातोडा दिला, स्वतः खाली शिरून हात लावला. गंजलेले खिळे बाहेर काढता काढता उन्हं कलली. निघाल्या त्या बुश आमच्यापेक्षाही झिजलेल्या. दोघंही मातीत बसून हसलो.

मग त्यानं चहा करवला. कप माझ्या बाजूला ठेवला होता म्हणे, माझ्या कोपरानं तो उडाला. पुंजारामच्या धोतरावर सगळा चहा. "थकले तुमी," तो म्हणाला. दुसरा कप त्यानं माझ्या हातात दिला आणि मी नीट धरेपर्यंत सोडला नाही.

थकलो हे खरं. रेल्वेत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत उभा होतो. सगळीकडे शिपाई.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

ओमप्रकाशनं तोड काढली. विहिरीवरच्या एका जुन्या पंपाचं गनमेटल त्याच्याकडे पडून होतं. गोवर्धननं जिनातल्या खरादवाल्याला, लेथ चालवणाऱ्याला गाठलं. सुटी झाल्यावर त्यानं ते खरादीवर धरून नव्या बुश उतरवून दिल्या. हातात घेतल्या तेव्हा अजून गरम होत्या. सोन्यासारख्या पिवळ्या. मनकर्णेनं एक बोटात घालून पाहिली आणि हसली. खूप दिवसांनी हसली.

२ मार्च, मंगळवार

बुश बसल्या. सकाळपासून मोटारीखाली पाठीवर पडून होतो. जॅक लावून सांगाडा उचलायचा, कमान सोडवायची, जुनी बुश ठोकून काढायची, नवी शिकंज्यात धरून दाबत दाबत बसवायची, मग आतून घासून घासून खिळ्याच्या मापाची करायची. ओमप्रकाश बोटानं चाचपतो आणि मान हलवतो, पुन्हा घासतो. माझ्या तोंडावर आणि मानेवर ग्रीस. खांदे असे दुखत आहेत की डायरीचं पान उलटायला दोन्ही हात लावतो.

पण येताना मोटार बोलत नव्हती. खडखड नाही की धडधड नाही. सीटवर बसल्या बसल्या मला इंजिनाचा आवाज इतका स्वच्छ ऐकू आला की नवी घेतली त्या वर्षाची आठवण झाली. मनकर्णा तेवढी बोलत होती. "गाडी." "पोरगं." "कडंनं दगड हायेत, उजवीकडं घ्या."

४ मार्च, गुरुवार

पुन्हा घासली. अकोल्याच्या बाजारात, हमालाच्या हातगाडीला. हमाल वाचला, वांग्यांचा सडा पडला. मनकर्णा त्या वेळी खाली उतरून पैसे मोडून आणायला गेली होती.

संताप संताप झाला. एवढं केलं, तरी डावीकडेच. ओमप्रकाश म्हणतो, बुश नव्या बसल्या म्हणजे चाकांची लाइन बदलली असेल, ती पाहावी लागेल. शनिवारी ये म्हणतो.

६ मार्च, शनिवार

लाइन केली. काय झालं ते लिहितो.

आधी ओमप्रकाशनं पुढच्या चाकांच्या टायरवर खडूनं खूण केली. बांबूची लांब काठी घेऊन पुढून अंतर मोजलं, मागून मोजलं. पुढून चाकं जराशी आत वळलेली हवीत, गव्हाच्या दाण्याइतकी. आपली बाहेर फाकली होती, म्हणून टायरची कड जात होती. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी फिरवून त्यानं ते बसवलं. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, आधी उजव्या अंगाला, मग डाव्या. चारही चाकं एका रेषेत आहेत का ते दोरीवरून नजर लावून पाहायचं.

उजव्या अंगाला मी पाहिलं. डावा डोळा मिटला, सगळं ठीक होतं. डाव्या अंगाला वर्कशॉपची भिंत आडवी येते. डोकं तिरपं घालावं लागलं, आणि दोरीच्या रेषेत डावाच डोळा आला. म्हणून उजवा मिटला.

दोरी नव्हती. चाक नव्हतं. जिनात रुई उडते तसं पांढरं पांढरं, आणि अगदी बाहेरच्या कडेला थोडा उजेड, दार असेल तिथं. मी उजवा उघडला. दोरी आली. पुन्हा मिटला. गेली.

ओमप्रकाश पुढच्या चाकाजवळ बसला होता. त्यानं विचारलं, "सीधी है ना, भाऊ?"

मी म्हटलं, "सीधी आहे."

डोळ्यात ग्रीस गेलं असेल. मंगळवारी तोंडभर ग्रीसच होतं.

७ मार्च, रविवार

गुलाबपाण्यानं डोळा धुतला. तीनदा धुतला.

९ मार्च, मंगळवार

आज मळ्यात झेंडूच्या वाफ्यात उभा राहिलो, आसपास कोणी नाही असं पाहून. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. एवढा पिवळाजर्द वाफा, त्यातलं एक फूल दिसलं नाही. ग्रीस नाही ते. ग्रीस असं करत नाही.

कधीपासून? माहीत नाही. हाच प्रश्न ओमप्रकाश विचारतो तेव्हा मला राग येतो.

कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार? उजव्यानं दिसतं ना. एका डोळ्यानं चालवणारे असतील की कितीक. मोटार आता सरळ आहे, मी जरा उजवीकडे धरून चाललो की झालं. आज दोन फेऱ्या केल्या, काही झालं नाही. हात मात्र हँडलवर असे घट्ट बसले होते की उतरल्यावर बोटं उघडेनात.

मोटार सोडली तर मी कोण? मळा मोठा भाऊ किसनराव पाहतो. मला पाण्याची पाळी धरता येत नाही, सरी ओढता येत नाही. मोटार घेतली तेव्हापासून आजपर्यंत गावात मला "मोटारवाला भगवंत" म्हणतात. नुसता भगवंत कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

शुक्रवारी नत्थुजींचं वऱ्हाड आहे. ते कबूल केलं आहे. ते झालं की पाहू.

१२ मार्च, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

दुपारी वऱ्हाड निघालं. मोटार गच्च. मागे बायका, वाजंत्री, भांडी, टपावर पोरं. मध्ये नवरदेव बाशिंग बांधून बसलेला. पुढे माझ्या डाव्या अंगाला नत्थुजींनी बसायचं ठरलं, नवऱ्याचे काका म्हणून. मनकर्णा मोटारीजवळ आली. म्हणाली, "मी येते. मी खाली, पायाजवळ बसते." लोक हसले. मी म्हटलं, "लग्न त्यायचं, तुह्यं काय काम?" तिनं मोटारीची खिडकी धरली होती. मी इंजिन चालू केलं तेव्हा सोडली. आरशात पाहिलं तर मोटारीच्या मागे थोडी पळत आली होती.

नत्थुजी ओढा ओलांडायच्या आत झोपले.

पुढे रस्ता उंचावर आहे, दोन्ही बाजूंना उतार. मी उजवीकडे धरून चाललो होतो. समोरून एक सर्व्हिस मोटार आली, तिला वाट द्यायला मला डावीकडे यावं लागलं. डावीकडे आलो. पुढे रस्ता मोकळाच दिसत होता.

आधी काहीतरी मऊ घासल्यासारखं झालं. मग किंकाळी. मग चाकाखाली काही आलं आणि मोटार त्याच्यावरून गेली. मी ब्रेक दाबला. मागे भांडी कोसळली.

मी खाली उतरलो. मोटारीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. वळसा घालायला किती वेळ लागतो? मला त्या वेळात माझा सगळा जन्म दिसला. चाकाखाली हिरवं लुगडं होतं असं वाटलं. ते लुगडं नव्हतं, गवताचा भारा होता. भाऱ्याची धनीण खाली उतारावर पडली होती. म्हातारी, माझ्या आईच्या वयाची. कोपर सोलून निघालं होतं, कपाळाला माती. तिच्यासोबतच्या दोन बायका पुढे चालत होत्या, त्या धावत आल्या.

मी तिला उचलायला हात दिला. तिनं तो झटकला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "दिसत नाई का रे तुले?"

सगळे मोटारीतून डोकावत होते. नत्थुजी जागे झाले होते आणि म्हणत होते, "तिनंच आंगावर घेतली, रस्त्याच्या मंधातून चालते." वाजंत्रीवाले हो म्हणत होते. मीही हो म्हणू शकलो असतो. सगळे माझ्याच बाजूचे होते.

मी म्हटलं, "नाई माय. या बाजूनं मले दिसत नाई. डावा डोया गेला माह्या."

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती म्हणाली, "आन् तू मोटार चालवतं?"

 मोटारीत एक बाई रडायला लागली, तिचं पोरगं टपावर होतं. मी सगळ्यांना म्हटलं, उतरा. नत्थुजी खाली आले. माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाले, "भगवंता, याड लागलं का तुले? अर्ध्या कोसावर गाव हाये. मुहूर्त टयून जाईन. हयू हयू घे. मी जागा राह्यतो ना."

"नाई," मी म्हटलं. "मोटार चांगली हाये. ड्रायव्हर चांगला नाई."

त्यांनी शिव्या दिल्या. मी किल्ली काढून खिशात घातली. मग बाकी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून सगळे चालायला लागले. नवरदेव बाशिंग सांभाळत धुळीतून चालला, पुढे वाजंत्री. कोणीतरी म्हटलं, वाजवा तरी, तर ते वाजवू लागले. मी लग्नाच्या कपड्यांची पेटी डोक्यावर घेतली. त्याआधी म्हातारीचं कोपर धुऊन माझा रुमाल बांधला. भारा चाकाखालून काढून पुन्हा बांधून दिला. तिनं तो डोक्यावर घेतला आणि चालू लागली.

लग्न वेळेवर लागलं. मी मांडवाबाहेर पेटी ठेवून चालत परत आलो.

१३ मार्च, शनिवार

गोवर्धन सकाळी अकोल्याहून आला आणि मोटार घेऊन गेला. मी सोबत गेलो नाही.

मनकर्णा मळ्यात फुलं तोडत होती. गाव मला काय काय म्हणतं आहे ते तिनं ऐकलं असणार. मी बांधावर बसलो. तिला सांगू लागलो, डोळ्याचं. ती तोडतच राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाली, "मले दिवाईपासून माईत हाये."

मला समजलं नाही.

"ताटात डावीकडं वाढलेलं तसंच राह्यते तुमचं. पोह्यांची वाटी, चटनी. दारातून निंगता तं चौकट लागते. म्या एक दिवस तुमच्या डाव्या गालाजवय बोट नेलं, तुमी पापनी हालवली नाई."

तेव्हा कळलं, ही पुढे का बसत होती. मळमळ वगैरे काही नव्हतं. आधी लाज वाटली. मग लाजेपेक्षा राग जास्त आला, तोही लिहितो. मी ओरडलो, "मंग बोलली काहून नाई? इतके दिवस मानसं घेऊन जाऊन राह्यलो मी! कोनी मेलं असतं तं?"

तिनं टोपली खाली ठेवली. "बोलली असती तं तुमी मले घरी बसवलं असतं आन् एकटेच गेले असते. गेले नसते का? सांगा."

 गेलो असतो.

"गोवर्धनले म्या सांगतलं होतं," ती म्हणाली. "तो म्हने, भाऊजीले कोन सांगन? मंग मीच म्हटलं, मी पाह्यते. रोज सकाई मोटारीत बसतानी देवाले म्हनो, आजचा दिवस पार पडू दे. काल तुमी मले उतरवलं. म्या पुलापर्यंत पयत आली. मंग दम नाई राह्यला."

एवढं बोलून ती पुन्हा फुलं तोडायला लागली. मी शेजारच्या सरीत उतरलो आणि तोडू लागलो. माझी फुलं देठाशिवाय तुटत होती. 

२२ मार्च, सोमवार

मोटार गोवर्धन चालवतो. जिनातली नोकरी सोडून आला. किसनराव म्हणाले, विकून टाकू. मनकर्णा म्हणाली, कशाला विकता, नवी झाली आहे आता. ती सरळ चालते. झिजलेल्या टायरचीही कड आता कुरतडली जात नाही. ओमप्रकाशला निरोप पाठवला की लाइन बरोबर बसली. दोरी मी पाहिली नव्हती हे त्याला कसं सांगायचं ते सुचलं नाही. गोवर्धन म्हणतो, ओमप्रकाशनं त्या दिवशी माझ्यामागून पुन्हा एकदा पाहून घेतली होती.

नत्थुजी अजून बोलत नाहीत. त्यांची वहिनी, नवऱ्या मुलाची आई, घरी येऊन लाडू देऊन गेली. मुलगा टपावरून पडला नाही म्हणून त्या रडणाऱ्या बाईनं नारळ पाठवला आहे. मी तो फोडला नाही, तसाच आहे.

अमरावती, १४ एप्रिल, बुधवार

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज तिसऱ्यांदा पाहिलं. अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यात दिवा घातला. मग समोर बसून म्हणाले, माझ्या नाकाकडे बघा, आणि बाजूनं बोट आणत राहिले. "दिसलं की सांगा." मी वाट पाहत राहिलो.

काचबिंदू आहे. डाव्यात आता काही करता येणार नाही. उजव्याच्याही कडा जायला लागल्या आहेत. थेंब दिले आहेत, रोज घालायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. टिकेल का विचारलं. म्हणाले, बरीच वर्षं टिकू शकतो, नेमाने घातले तर. आणखी एक गोष्ट म्हणाले. घासलेट भेसळीचं नव्हतं. दिव्याभोवतीची ती कडी डोळ्यातली होती.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

मी सवयीनं तोंड उघडलं. मग म्हटलं, "भाजी लावतो."

"मग चांगलं आहे," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मनकर्णा बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं थेंबांची बाटली माझ्याकडून घेतली, पदरात गुंडाळून कमरेला खोचली.

अकोला, १६ एप्रिल, शुक्रवार

आज परत आलो. अमरावतीहून सर्व्हिस मोटारीनं, रेल्वेला फार गर्दी होती. गोवर्धन आम्हाला घ्यायला यायचा आहे, त्याची वाट पाहत भाजीबाजाराच्या ओट्यावर बसून लिहितो आहे.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. मोटार सुटली आणि लगेच कळलं, हिच्या पुढच्या बुश गेल्या आहेत. प्रत्येक खड्ड्यात खळ्‌ खळ्‌. मला राहवेना. मूर्तिजापूरला मोटार थांबली तेव्हा ड्रायव्हरला खिडकीतून बोलावून सांगितलं. तो वैतागला. "भाऊ, लढाई चालू हाये. बुश काय मी घरी घडवू?" त्याचे डोळे लाल होते. माझ्यासारखाच थकलेला दिसला. मी त्याला ओमप्रकाशचा पत्ता सांगितला, गनमेटलचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि मोटारीच्या पत्र्यावर नाव लिहून घेतलं.

मी खाली उतरलो नाही, कारण मनकर्णा झोपली होती.

बडनेरा मागे पडलं नाही तोच तिची मान माझ्या खांद्यावर आली. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. मी तिला मोटारीत झोपलेली कधी पाहिली नव्हती. ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता. बैलगाड्या येत होत्या, शेळ्यांचा कळप आला, एका म्हशीसाठी त्यानं करकचून ब्रेक लावला आणि सगळी माणसं पुढे आदळली. ती जागी झाली नाही. हात घालून मी तिला पडू दिलं नाही तेवढंच. मूर्तिजापूरला लोक चहाला उतरले, चढले, कोणीतरी भांडलं, तरी नाही. खांदा बधिर झाला. हलवला नाही.

अकोल्याला सगळे उतरून गेल्यावर तिला उठवावं लागलं. तिनं डोळे उघडून आधी समोरचा रस्ता पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"आलो का आपन?"

"आलो," मी म्हटलं.